वही मिट आणि सांग

बीएस्सीच्या पहिल्याच परीक्षेत फिजिक्सचा एक पेपर माझा पाच मार्कांनी राहिला. अभ्यास केला नव्हता असं कोणी म्हणू शकलं नसतं. धडे तीन-तीन वेळा वाचले होते, दोन रंगांनी अधोरेखित केले होते. पुस्तक बघून कोणालाही वाटावं, काय अभ्यासू पोरगी आहे! पेपर हातात पडला तेव्हा प्रत्येक प्रश्न ओळखीचा वाटला. हा डाव्या पानावर होता, खाली आकृती होती, हेसुद्धा आठवलं. लिहायला घेतलं तर दोन ओळींच्या पुढे पेन सरकेना.

हे २००९ सालचं. धरणगावकडच्या आमच्या गावातून जळगावला मी आणि माझी मैत्रीण अपडाऊन करायचो. आता मी स्वतः पोरांना शिकवते, आणि दर जूनमध्ये भाचे, पुतण्या, शेजारच्यांची पोरं यांचे फोन येतात: आत्या, कॉलेजला अभ्यास कसा करायचा? फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

तो राहिलेला पेपर पुन्हा द्यायचा होता. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपासचे दिवस. मी ओट्यावर बसून मोठ्याने घोकत होते: पाण्याची वाफ व्हायला १०० अंशाला किलोमागे साधारण २२६० किलोज्यूल उष्णता लागते, लेटंट हीट म्हणजे अमुक. शेजारी आजी दादर ज्वारी निवडत होती. तिने विचारलं, “काय म्हनी ऱ्हायनी वं?” मी तिला माठाचं उदाहरण दिलं. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार. फार ऐटीत सांगितलं.

आजी सूप पाखडता पाखडता म्हणाली, “मंग आखाडमा माठनं पानी गार काबरं नही व्हस?”

मी गप्प. पुस्तकात आखाड नव्हता. व्याख्या पाठ, आकडा पाठ, आणि रोज ज्यातलं पाणी पिते त्या माठाबद्दलचा साधा प्रश्न सुटेना. संध्याकाळभर डोकं खाजवलं तेव्हा कळलं की गोष्ट हवेची आहे. वैशाखात आपल्याकडची हवा एवढी कोरडी की पाणी बाहेर आलं की उडालं. आषाढात हवेतच पाणी भरलेलं, मग झिरपलेलं पाणी नुसतं ओघळतं, उडत नाही, आणि उडत नाही तर उष्णताही घेऊन जात नाही. मग जुना माठ गार का करत नाही, हेही आपोआप सुटलं. बोअरच्या पाण्यातले क्षार त्याच्या छिद्रांत बसून ती बुजलेली असतात. तो धडा मला परत कधी घोकावा लागला नाही.

बारावीपर्यंत आपल्याला दुसरं कोणीतरी विचारत असतं. क्लासचे सर, शाळेतल्या बाई, चाचण्या. कॉलेजात पहिले तीन-चार महिने कोणी काही विचारत नाही. लेक्चर होतं, हजेरी होते, सर निघून जातात. विचारणारा आपणच शोधायचा असतो, आणि कोणी नाही सापडला तर स्वतःच व्हायचं असतं. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटतं, आलं. वही मिटल्यावर काय उरतं, ते बघेपर्यंत काहीच कळत नाही.

यावर मोजूनमापून प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा २००६ सालचा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर उलटं झालं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून झोपताना सगळं येतंय असं का वाटतं, ते या आकड्यांत दिसतं. ती पाच मिनिटं आपल्याला फसवतात.

मला हे प्रयोगाबद्दल वाचण्याआधीच कळायला हवं होतं, कारण आमच्या गावात तेव्हा लोडशेडिंग होतं. लाइट कधी जाणार ते ठरलेलं. मी तो वेळ वाया गेला म्हणून चिडचिड करायची. त्या फेरपरीक्षेच्या वेळी मात्र ठरवलं की लाइट असेल तेव्हा लिहायचं, गेली की अंधारात पडून आठवायचं. आज वाचलेल्या धड्यात किती मुद्दे होते? पहिला कोणता? सूत्रातलं ते अक्षर कशासाठी? अडलं की बोटावर मोजून ठेवायचं, आणि लाइट आली की आधी तेवढंच बघायचं. आता लाइट जात नाही, मोबाइल मात्र हातात असतो. अंधाराचं काम तुम्हाला स्वतः करावं लागेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उशीखाली ठेवून उपयोग नाही, मी करून पाहिलंय.

बसमध्ये माझी मैत्रीण आणि मी एक खेळ काढला होता. पाळधीपासून गिरणेच्या पुलापर्यंत तिने विचारायचं, पूल ओलांडला की मी. वही मिट आणि सांग, एवढाच नियम. उत्तर अहिराणीत दिलं तरी चालायचं. उलट अहिराणीतच द्यायचं असं पुढे ठरलं, कारण इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य न समजताही तोंडातून निघतं, पण ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ घरच्या बोलीत सांगायला गेलं की पोकळ असेल तिथे लगेच वाजतं. मागच्या सीटवरचे एक काका रोज ऐकायचे. एकदा आम्ही दोघी अडलो तर म्हणाले, “कालदिन तं आलतं ना व पोरीहो!” पाणउताराच तो, पण काल आलेलं आज गेलं होतं हे खरं होतं.

ते किती लवकर जातं, हे हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली मांडलं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती उरतात ते तपासायचं, असा त्याचा उद्योग. विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जास्त होतं. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी हवी. माझा क्रम असा: त्याच संध्याकाळी दहा मिनिटं, रविवारी एकदा, मग महिनाअखेरीला. आमच्या आप्पांनी केळीला ठिबक केलं होतं, तेव्हा ते मला चिडवायचे, तू परीक्षेच्या आदल्या रात्री मोकाट पाणी सोडतेस, निम्मं बांधावरून वाहून जातं.

वहीबद्दल थोडं सांगते. सर बोलतील ते सगळं उतरवायच्या नादात आपण टायपिस्ट होतो. पान उभं दुमडून डावीकडचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. लेक्चरला उजवीकडे लिहायचं, तेही मुद्देच. संध्याकाळी डावीकडे त्याचे प्रश्न करून लिहायचे. उजवीकडे माठाची गोष्ट असेल तर डावीकडे: आषाढात काय होतं? मग उजवी बाजू हाताने झाकली की वहीच परीक्षक होते. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात बसवलेली ही पद्धत आहे. मला ती एका सीनियर ताईच्या वहीत दिसली, नाव फार नंतर कळलं.

आता भाषेचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं इंग्रजी, ही आपल्याकडच्या बहुतेकांची गत. पहिल्या महिन्यात मॅडमनी वर्गात काही विचारलं, मी उभी राहून म्हटलं, “माले वाटतं की...” आणि वर्ग हसला. पुढचे तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. गंमत म्हणजे उत्तर बरोबर होतं. जळगावच्या ज्या विद्यापीठाची पदवी तुम्ही घ्याल ते १९९० साली स्थापन झालं तेव्हा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, आणि २०१८ पासून त्याला ज्यांचं नाव आहे त्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा बोलीची लाज धरून हात खाली ठेवू नका. दुसरीकडे, पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर ते इंग्रजी कमवावंच लागतं. मी छोट्या वहीत दोन रकाने केले होते, एकात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात आपला अर्थ. रोज पाच. ‘रिफ्रॅक्शन’समोर ‘पाण्यात काठी वाकडी दिसते ते’ एवढंच लिहिलं होतं, आणि तेवढं पुरलं. रोज एक उत्तर, चार ओळींचं का होईना, पुस्तक न बघता इंग्रजीत लिहायचं. व्याकरण चुकलं तर चुकू दे.

प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच दिवशी लिहा. हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही. आमच्या बॅचमध्ये दोलकाच्या प्रयोगाची रीडिंग एकाने घेतली आणि सतरा जणांनी उतरवली. सर जर्नल तपासायला बसले. सतरा जणांच्या घड्याळात दुसऱ्या दशांशापर्यंत तीच वेळ, आणि एका ठिकाणी केलेली बेरजेची चूकसुद्धा तीच. सर ओरडले नाहीत. एकेकाला बोलावून म्हणाले, चला, दोलक हलवून दाखवा. निम्म्यांना स्टॉपवॉच कुठून सुरू करायचं तेच माहीत नव्हतं. त्या सतरात मी होते.

हजेरीचा हिशोब मात्र पहिल्याच आठवड्यात मांडून ठेवा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. दोन क्रेडिटचा विषय असेल तर पूर्ण सेमिस्टरमध्ये ३० तास. ७५ टक्के हजेरी म्हणजे २३. हातात उरले सात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण कानबाईच्या सणाचा एक दिवस, मामेबहिणीच्या लग्नाचे दोन, तापाचे दोन, बस चुकली तो एक, की उरला एकच. आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा नेमकी कपाशीच्या वेचणीच्या तोंडावर येते. मजूर मिळत नाहीत, घरी हात हवे असतात, तिथे ‘माझा अभ्यास आहे’ म्हणणं सोपं नसतं. मी कधी म्हणू शकले नाही. त्यापेक्षा ऑगस्टमध्येच घरी सांगून टाका की परीक्षा कधी आहे, कोणते रविवार वेचणीला देता येतील, कोणते नाही. आपले आईबाप पाऊस-पाण्याचं नियोजन करणारी माणसं आहेत, तारीख आधी कळली तर सांभाळून घेतात. आयत्या वेळी सांगितलं की भांडण होतं.

बाकीचं भराभर सांगते. अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते, ती छापून वहीत चिकटवा. गाइडवाल्याने काय छापलंय ते नंतर. लायब्ररीत मागच्या वर्षांचे पेपर मागा, पण अभ्यासक्रम बदलला असेल तर त्यातून फक्त प्रश्नांची धाटणी बघा. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि ज्यांना लागतं त्यांचं नॉन-क्रीमीलेअर, पावसाळा सुरू होतानाच हाती घ्या. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसलेला असतो आणि तहसीलमध्ये रांग लागलेली असते. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना, ते बघा. एसटीच्या विद्यार्थी पासला एक तृतीयांश पैसे भरावे लागतात, त्यासाठी कॉलेजचा सही-शिक्का लागतो, आणि क्लार्क जेवायला गेलेला असू शकतो, म्हणून सकाळीच जा.

दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा उन्हाळ्यात. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो. दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून अभ्यास करण्याचा हट्ट मी एक वर्ष केला आणि लू लागून दोन दिवस झोपून काढले. मग पहाटे साडेचारला गच्चीवर जायला लागले. साडेसातपर्यंत तीन तास मिळतात, आणि ते दुपारच्या सहा तासांना भारी पडतात. दुपारी झोपा, किंवा हाताने करायचं काम काढा: आकृत्या, जर्नल, सूत्रांची यादी. रात्रभर जागून पेपरला जाऊ नका, उन्हात बसमध्येच डोळा लागतो.

तो फिजिक्सचा पेपर सुटला, फार मार्क नव्हते. आजीला सांगितलं तर तिला मार्कांत रस नव्हता. तिच्या डोक्यात तोपर्यंत दुसरंच सुरू होतं. माझ्या काकांकडे फ्रिज आला होता, आणि तिला विचारायचं होतं की त्याला तर माती नाही, मग त्यात पाणी कसं गार होतं. तेव्हा मला सांगता आलं नाही. पुढे थर्मोडायनॅमिक्स शिकायला आलं, तेव्हा एका संध्याकाळी ओट्यावर बसून तिला सांगितलं: आत नळी असते, नळीत एक द्रव असतो, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतली उष्णता घेते.

आजीने सूप थांबवलं. म्हणाली, “मंग तेनामा बी माठच शे ना!”