टायर प्रेशरचा दिवा आणि आपण : टीपीएमएस असलेल्या गाडीत या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात दुपारी साडेबाराला मावसभावाचा फोन आला. समृद्धीवरून नागपूरला निघाला होता. गाडीत बायको, दोन मुलं, मावशी आणि डिकी भरून लग्नाचं सामान. आवाजात घाबरलेपण होतं. "दादा, चारही चाकांत 39 दाखवतंय. सकाळी सहाला मी स्वतः उभं राहून 33 भरून घेतलीय. टायर फुटेल ना रे? थोडी हवा सोडू का?"

मी "सोडू नकोस" म्हणेपर्यंत रेंज गेली. त्याने पुढच्या पंपावर चारही चाकं बरोबर 33 वर आणली आणि निश्चिंत मनाने नागपूर गाठलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू करून थोडी पुढे नेली, तर स्क्रीनवर 28. चारही चाकांत. आणि हवा कमी झाल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा? तो लागलाच नव्हता.

माझं नाशिकजवळ टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, असलेल्या गाड्या आता रोज येतात. यंत्रणा चांगलीच आहे, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे गाडी देताना कुणी समजावून सांगत नाही. त्यामुळे त्याच त्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहतो.

गरम टायरमधली हवा सोडणं

मावसभावाने केलेली ही चूक सर्वांत जास्त होते, आणि सर्वांत धोक्याची आहे. पहाटे टायर 25 अंशांवर होता. मे महिन्यातला तापलेला काँक्रीटचा रस्ता, तासाला शंभरचा वेग आणि भरलेली गाडी, यात टायरच्या आतली हवा सहज 60 अंशांपर्यंत जाते. हवा तापली की दाब वाढतो; ढोबळमानाने दर दहा अंशांना दीड पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक; 33, 39 हे आकडे त्यातलेच). 33 चे 39 होणं हे टायर नीट काम करत असल्याचं लक्षण आहे. कंपनी दरवाजावरच्या स्टिकरवर 33 लिहिते तेव्हा हे वाढणं तिने धरलेलंच असतं. तो आकडा थंड टायरचा असतो.

तुम्ही गरम टायर 33 वर आणला, की थंड झाल्यावर तो 28 वर बसतो. मग पुढच्या प्रवासात कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्या वाकण्याने आणखी तापतात. महामार्गावर टायर फुटतात त्यामागे अनेकदा हेच असतं. फुटू नये म्हणून हवा सोडली आणि फुटायची तयारी तिथूनच झाली, असं होतं.

म्हणून हवा तपासायची ती पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, किंवा पंपापर्यंत दोन-तीन किलोमीटर हळू नेल्यावर. वाटेत गरम टायरवरच भरावी लागली, तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर नीट करा. गरम टायरच जर स्टिकरच्या आकड्याखाली दाखवत असेल, तर हवा नक्कीच कमी आहे. तिथे विचार करत बसू नका.

एक गोष्ट इथेच सांगतो. टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा, 44 किंवा 51 असा, हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. भरायचा आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या स्टिकरवर किंवा डिझेल-पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. तिथे बहुतेक वेळा दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. लग्नाच्या सामानासह नागपूरला जाताना दुसरी ओळ बघायची.

दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे असं समजणं

28 वर दिवा का लागला नाही, याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. 2000 साली फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्या टायरांचा पट्टा धावताना सुटत होता, गाड्या उलटत होत्या, माणसं मरत होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि त्यातून पुढे 2007 पासून प्रत्येक नव्या कारला टीपीएमएस सक्तीची झाली. त्या नियमात एक आकडा आहे : ठरलेल्या दाबापेक्षा 25 टक्के कमी झाल्यावर दिवा लागला पाहिजे. 33 चे 25 टक्के म्हणजे आठ. म्हणजे दिवा लागेल तो 25 च्या आसपास. युरोपमध्ये 2014 पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्ती आहे, तिथला नियम थोडा कडक, पण पद्धत तीच.

गाडीगणिक हा आकडा थोडा वरखाली असतो, पण दिव्याचं काम ध्यानात घ्या. तो घरातल्या धुराच्या अलार्मसारखा आहे. 26, 27, 28 या पट्ट्यात तो गप्प असतो, आणि याच पट्ट्यात टायरच्या कडा घासतात, मायलेज पडतं, टायर तापतो. महिन्यातून एकदा थंड टायरवर हातातल्या गेजने, म्हणजे हवा मोजायच्या छोट्या उपकरणाने, आकडा पाहणं याला पर्याय नाही. चांगला गेज काही शे रुपयांत येतो.

निफाडच्या बाजूचे लोक डिसेंबरात हमखास येतात : "पहाटे दिवा लागतो, दहा वाजता आपोआप जातो. सेन्सर खराब झालाय, बदलून द्या." सेन्सर खराब नसतो. दिवाळीच्या उन्हात 29 वर चाललेली गाडी पहाटेच्या आठ अंशांत 25 वर येते, उन्हं आली की पुन्हा वर जाते. तो दिवा दोन महिन्यांपूर्वीची उधारी सांगत असतो. हवा भरा, दिवा जातो.

आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे हेच माहीत नसणं

दोन प्रकार आहेत आणि दोघांचे नखरे वेगळे. पहिल्यात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, काडेपेटीपेक्षा लहान सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो, त्यावरून गाडीला कळतं की हे चाक आपलं, शेजारच्या गाडीचं नव्हे. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील, तर तुमच्याकडे ही यंत्रणा आहे.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएससाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातोच. हवा कमी झालेलं चाक जरासं बसतं, त्याचा घेर लहान होतो आणि तेवढंच अंतर कापायला ते जास्त फिरतं. संगणक तो फरक पकडतो. याला पीएसआयचा आकडा कळत नाही, फक्त "हे चाक इतरांपेक्षा वेगळं वागतंय" एवढं कळतं. चारही चाकांतली हवा सारखीच उतरली, तर साधी यंत्रणा फसते, कारण तुलनेला वेगळं असं काही उरत नाही.

हवा न भरता रिसेट दाबणं

ही दुसऱ्या प्रकारातली चूक, आणि इथे मला मनापासून वाईट वाटतं, कारण यंत्रणेने वेळेवर सांगितलेलं असतं. या गाड्यांत एक बटण किंवा मेनूत एक पर्याय असतो. त्याचा अर्थ "दिवा बंद कर" असा नाही. त्याचा अर्थ आहे, "आता चाकांत जी हवा आहे तीच बरोबर, इथून पुढे हिच्याशी ताडून बघ."

आमच्या ओळखीच्या एक बाई, शाळेत शिकवतात, दिवा लागला की बटण दाबायच्या. कुणीतरी तसंच सांगितलं होतं. मागच्या डाव्या चाकात बारीक खिळा होता, हवा मुंगीच्या पावलाने उतरत होती. प्रत्येक रिसेटला गाडीने नवा, आणखी कमी दाब "बरोबर" म्हणून शिकून घेतला. गाडी आमच्याकडे आली ती "मागून डुलते" म्हणून. टायर रिमवरून उतरवला आणि कलता केला, तर आतून चहाच्या पावडरीसारखा काळा रबराचा चुरा खाली पडला. टायरची भिंत दुमडून दुमडून आतून घासली गेली होती. बाहेरून टायर नवाकोरा, नक्षी शाबूत. तो टायर भंगारात टाकावा लागला. पंक्चर पहिल्याच दिवशी काढलं असतं तर शे-दोनशे रुपयांत काम होतं.

क्रम पक्का ठेवा : आधी चारही चाकं थंड असताना गेजने स्टिकरप्रमाणे भरा, मग रिसेट, मग थोडा वेळ गाडी चालवा म्हणजे ती शिकेल. टायर बदलले, चाकं पुढची मागे केली, तरीही रिसेट हवाच.

पंपावर स्क्रीन बघून हवा भरणं

सेन्सर असलेल्या गाड्यांत होतं असं. चाकातला सेन्सर बॅटरी वाचवायला गाडी उभी असताना झोपतो. चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि साधारण मिनिटामिनिटाने निरोप पाठवतो. तुम्ही पंपावर हवा भरता, आत वाकून स्क्रीन बघता, आकडा जुनाच. "अजून मार" म्हणता. मग रस्त्याला लागल्यावर 40 दिसतात. भरताना विश्वास गेजवर ठेवा आणि स्क्रीन दोन-चार किलोमीटरनंतर बघा.

दिवा लुकलुकतो आहे की स्थिर आहे, हे न पाहणं

स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहणारा दिवा म्हणजे यंत्रणेतच बिघाड, आणि तो असेपर्यंत पंक्चर झालं तरी कळणार नाही. सात-आठ वर्षांच्या गाडीत कारण बहुधा सेन्सरची संपलेली बॅटरी. ती सेन्सरच्या आत पक्की बंद केलेली असते, वेगळी बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. एक गेला की बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत हे लक्षात ठेवून टायर बदलण्याच्या वेळीच सगळे बदलले तर मजुरी वाचते. नवा सेन्सर बसवल्यावर त्याचा नंबर गाडीला शिकवावा लागतो. चाकांची अदलाबदल केल्यावरही काही गाड्यांना ते पुन्हा सांगावं लागतं, नाहीतर पुढच्या उजव्या चाकाची तक्रार मागच्या चाकाच्या नावावर दिसते आणि तुम्ही भलत्याच चाकात खिळा शोधत बसता.

टायरवाल्याला न सांगणं

टायर रिमपासून सुटा करताना मशीनचा फाळ जोरात दाबला जातो. तो व्हॉल्व्हच्या बाजूला पडला तर सेन्सर तुटतो, आणि हजारांत फटका बसतो. अनोळखी दुकानात गेलात तर चाक मशीनवर चढण्याआधी स्पष्ट सांगा, "व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे, तिकडून दाबू नका." व्हॉल्व्ह धातूचा असेल तर त्याला प्लास्टिकचंच टोपण ठेवा. पितळी शोभेची टोपणं पावसाळ्यात ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला अशी धरतात, की काढताना व्हॉल्व्हच मोडतो. टायरमध्ये ओतायचं पंक्चर जेलही विचारून घ्या. सगळं जेल सेन्सरला चालत नाही, काहींनी त्याचं छिद्र बुजतं आणि मग तो एकच आकडा धरून बसतो.

दिवा लागल्यावर जागच्या जागी थांबणं, किंवा तसंच पुढे जाणं

महामार्गावर दिवा लागला तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर देत डावीकडे या आणि रस्त्याबाहेर सुरक्षित जागा गाठा. गाडीतल्या माणसांना कठड्यापलीकडे उभं करा, मग टायर बघा. आकडा डोळ्यांदेखत उतरत असेल तर पुढे एक किलोमीटरही जाऊ नका. हळू उतरत असेल तर सोबतच्या छोट्या कॉम्प्रेसरने भरून जवळचं दुकान गाठता येतं.

आणि अचानक फुटणाऱ्या टायरपुढे ही यंत्रणा काही करू शकत नाही. खड्ड्याने भिंतीला आलेला फुगा तिला दिसत नाही. टायरच्या अंगावर चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. तीही तुम्हीच वाचायची.

स्टेपनी विसरणं

2020 साली आपल्याकडे मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे नवी गाडी घेतली असेल तर डिकीचा तळ एकदा उचलून खाली नक्की काय आहे ते बघा. किट असेल तर त्यातल्या बाटलीची मुदत बघा. स्टेपनी असेल तर तिच्यात बहुतेक गाड्यांत सेन्सर नसतो, ती किती उतरली हे कुणीच सांगत नाही. आणि ती बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरचा आकडा वाचून भरा. तो साधारण 60 पीएसआय असतो. दुकानात येणाऱ्या अशा बहुतेक स्टेपन्यांत पंपावरच्या पोराने इतर चाकांबरोबर 33 च भरलेले असतात.