विद्यार्थ्यांसह ‘घाशीराम कोतवाल’ बसवताना

नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन ‘घाशीराम कोतवाल’ बसवायचे ठरले की पहिली धावपळ पगड्या आणि अंगरखे भाड्याने कुठे मिळतील याची सुरू होते. ही धावपळ निदान तीन आठवडे पुढे ढकलावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम रंगभूमीवर आले. ते घडते सवाई माधवरावांच्या काळातल्या पुण्यात, पण लिहिले आहे विसाव्या शतकातल्या माणसाने आपल्याच काळातल्या प्रेक्षकांसाठी. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी एखादा क्रूरकर्मा कसा उभा करते आणि काम संपल्यावर त्याला जमावाच्या हवाली कसा करते, हा त्याचा विषय आहे. हे दोन्ही काळ विद्यार्थ्याच्या एकाच शरीरात वावरले पाहिजेत, आणि ते वावरतील अशी तालीम रचणे हेच बसवणाऱ्याचे खरे काम आहे.

परवानग्यांचे काम वाचनाआधीच हातावेगळे करावे. संहितेच्या हक्कधारकांची लेखी अनुमती लागते, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोग करायचा असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही पाहावे लागते.

पहिले वाचन झाले की दोन दिवस फक्त इतिहासाला द्यावेत. तालमीच्या खोलीत भिंतीवर एक लांब कागद लावून त्यावर विद्यार्थ्यांकडूनच सनावळी लिहून घ्यावी: १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, त्यानंतर राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांनी रचलेले बारभाईंचे कारस्थान, १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म, १७७७ मध्ये घाशीरामाकडे आलेली पुण्याची कोतवाली, इंग्रजांशी झालेला १७८२ चा सालबाईचा तह, आणि १७९१ च्या ऑगस्टमधला घाशीरामाचा शेवट. कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर शहर खवळले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले, एवढा भाग इतिहासाचा आहे. नाटकात घाशीराम आपली मुलगी गौरी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांना देऊन कोतवाली मिळवतो, तो सौदा मात्र विद्यार्थ्यांना इतिहास म्हणून सांगू नये, कारण आपण ऐतिहासिक नाटक लिहिलेले नाही, अशी खुद्द नाटककाराची भूमिका होती. ही सीमारेषा स्पष्ट असली की नाना फडणविसांची भूमिका करणारा विद्यार्थी चरित्रातल्या मुत्सद्द्याची नक्कल करण्याच्या मोहातून सुटतो आणि संहितेतल्या नानाकडे वळतो.

मग खरी मेहनत सुरू होते ती अंगाची. आजच्या विद्यार्थ्याचे शरीर खुर्चीला सरावलेले असते आणि नेमकी तीच सवय रंगमंचावर काळ बिघडवते. तालमीच्या खोलीतून खुर्च्या बाहेर काढाव्यात, अगदी दिग्दर्शकाचीसुद्धा. चर्चा, पाठांतर, विश्रांती, सगळे जमिनीवर मांडी घालून व्हावे, आणि जमिनीला हात न टेकता उठण्याचा सराव रोज व्हावा. मुलांनी पहिल्या आठवड्यापासून धोतर नेसावे, मुलींनी साधे नऊवारी लुगडे नेसावे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी नेसलेले धोतर अभिनेत्याला सांभाळावे लागते, आणि महिनाभर नेसलेले धोतर त्याची चाल घडवते. उपरण्याचेही तसेच आहे, कारण ते सावरणे, झटकणे, खांद्यावरून काढून कमरेला बांधणे या क्रियांतून माणसाचा हुद्दा आणि त्याची घाई दोन्ही कळतात.

याला जोडून एक सराव मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येकाच्या हाती दर्जा लिहिलेली एकेक चिठ्ठी द्यावी, म्हणजे कारभारी, शास्त्री, शागीर्द, शिपाई, बटकी, परगावचा याचक असे, आणि शब्द न वापरता सर्वांना एका बैठकीत जागा घ्यायला सांगावे. लोडाला कोण टेकणार, कोण उभा राहणार, कोणाच्या डोळ्याला डोळा देण्याचा अधिकार कोणाला आहे आणि दाराबाहेरच कोणी थांबायचे, हे ठरवताना जातीची आणि सत्तेची उतरंड विद्यार्थ्यांना पुस्तकापेक्षा लवकर समजते. त्याच दिवशी घड्याळे काढून ठेवावीत. त्या काळी सामान्य माणसाचा दिवस घटका आणि प्रहरांनी मोजला जाई. चोवीस मिनिटांची एक घटका आणि तीन तासांचा एक प्रहर हे हिशेब अंगात मुरले की वाट पाहण्याचे प्रसंग आपोआप संथ आणि जड होतात. रात्रीच्या प्रवेशांसाठी खोली अंधारी करून एकाच दिव्याच्या उजेडात चालायला लावावे, म्हणजे मशालीच्या कक्षेबाहेरच्या पुण्याची भीती पावलांत येते.

नाटकाचा कणा म्हणजे ब्राह्मणांची ओळ, जी कधी भिंत होते, कधी पडदा, तर कधी जमाव. तिची तालीम मुख्य पात्रांच्या आधी सुरू करावी आणि नाना व घाशीराम करणाऱ्यांनीही काही दिवस तीत उभे राहावे. प्रथम नुसता श्वास एकत्र घ्यावा, मग ठेक्यावर झुलावे, मग पाठ फिरवावी. पाठमोऱ्या नटालाही अभिनय करावा लागतो, हे येथे शिकवायचे असते: पाठ फिरवलेली ओळ काय दडवते आहे हे तिच्या खांद्यांवरून प्रेक्षकाला कळले पाहिजे. कीर्तन, लावणी, भजन यांच्या चाली जाणत्या माणसाकडून बसवून घ्याव्यात आणि मृदंग, ढोलकी, टाळ प्रत्यक्ष वाजवावेत, कारण ध्वनिमुद्रित ठेक्यावर ओळ केवळ पावले टाकते, ऐकत नाही. पेटी एकोणिसाव्या शतकात आली म्हणून ती वर्ज्य आहे, असे मी म्हणणार नाही; नाटक आधुनिक असल्यामुळे असा कालविपर्यास चालतो, मात्र तो ठरवून केलेला असावा. मनगटावर राहून गेलेले घड्याळ आणि विचारपूर्वक निवडलेली पेटी यांतला फरक प्रेक्षक अचूक ओळखतो.

वेशभूषेसाठी जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याच काळात पुण्यात येऊन काढलेली सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे अभ्यासावीत. अंगरख्याला बटणे नकोत, बंद हवेत.

काही प्रवेशांना वेगळी काळजी लागते. गौरी आणि नाना यांच्या प्रवेशात प्रत्येक स्पर्श आधी बोलून ठरवावा, मोजून बांधावा आणि तालमीत उत्साहाच्या भरात त्यात काहीही वाढवू देऊ नये. गौरी करणाऱ्या मुलीने ‘थांबा’ म्हटले की तालीम त्या क्षणी थांबली पाहिजे. तापलेला गोळा हातावर ठेवून खरे-खोटे ठरवण्याच्या ‘दिव्या’च्या प्रवेशात गोळा न दाखवता ओळीच्या चेहऱ्यांवरून दाह दाखवावा. जातीवरून पूर्वी या नाटकावर उसळलेला वादही विद्यार्थ्यांपासून लपवू नये आणि एखाद्याला त्यातला उपहास बोचत असेल तर त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.

शेवटचा दगडांचा प्रवेश संथ गतीत, आकड्यांवर बांधावा: कोणत्या मात्रेला कोणाचा हात उठतो, कोणत्या मात्रेला घाशीराम कोलमडतो, हे प्रत्येकाला मुखोद्गत असावे. दगड खरे नसावेत, हलकेही नसावेत. रिकामी मूठ पुरेशी आहे. त्यानंतर नाना जमावापुढे येऊन उत्सवाची आज्ञा देतो, तेथे बहुतेक विद्यार्थी नकळत दम खातात, घाम पुसतात, आणि प्रेक्षकाला सुटकेची जागा मिळते. ती जागा देऊ नये. दगड मारणारी मूठ ज्या मात्रेला खाली येते, त्याच्या पुढच्याच मात्रेला ती टाळीसाठी उघडली पाहिजे, आणि एवढ्या एका मात्रेसाठी शेवटचा संपूर्ण आठवडा राखून ठेवावा.