माहिती-सुरक्षेत नव्याने येणाऱ्यांसाठी : आतला धोका किती आणि कसा

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगर या भागांतली बरीच मराठी मुले आता माहिती-सुरक्षेकडे वळत आहेत. सुपर कॉरिडॉर या आयटी पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला जाण्यापूर्वी त्यांतली काही माझ्याकडे येतात. त्यांची तयारी बहुधा बाहेरच्या हल्लेखोराला डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते. प्रत्यक्षात नवख्या विश्लेषकाच्या वाट्याला येणारे बरेचसे काम ज्यांना कंपनीनेच आपल्या माहितीपर्यंत रीतसर प्रवेश दिलेला आहे, त्यांच्याशी, म्हणजे आतल्या धोक्याशी संबंधित असते.

आतल्या माणसांकडून माहिती बाहेर जाण्याचे प्रकार किती घडतात, याचे उत्तर गणती कशाची केली यावर ठरते. व्हेरिझॉन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या माहितीभंगावरील वार्षिक अहवालात 2023 साली आतल्या व्यक्तींमुळे झालेल्या माहितीभंगाच्या घटना सुमारे 20 टक्के होत्या आणि 2024 च्या अहवालात त्या 35 टक्के झाल्या. वर्षभरात कर्मचारी एवढे बिघडले, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. या 35 टक्क्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश घटना निव्वळ चुकांच्या होत्या, म्हणजे भलत्याच पत्त्यावर गेलेला ईमेल किंवा सर्वांना खुली राहिलेली फाइल. माहिती-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या पोनेमॉन संस्थेच्या 2023 च्या पाहणीतही आतल्या घटनांपैकी 55 टक्के निष्काळजीपणाच्या आणि 25 टक्के हेतुपुरस्सर केलेल्या आढळल्या. म्हणून मुलाखतीत आकडा सांगाल, तर तो कशाचा आहे हेही सांगा.

हेतुपुरस्सर केलेले प्रकार कमी असले, तरी ते फार महाग पडतात. कॉइनबेस या क्रिप्टोचलनाचे व्यवहार चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीने मे 2025 मध्ये जाहीर केले, की परदेशातल्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती मिळवण्यात आली. 69,461 ग्राहकांना त्याची झळ बसली आणि गुन्हेगारांनी 2 कोटी डॉलरची खंडणी मागितली. पुढे बातम्यांतून कळले, की या प्रकरणाचा एक धागा आपल्या इंदूरपर्यंत पोहोचतो : येथील एका आउटसोर्सिंग कार्यालयातील कर्मचारी स्वतःच्या मोबाइलने कामाच्या संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे घेताना पकडली गेली. आपल्या क्षेत्रासाठी हा तपशील फार मोलाचा आहे. पेनड्राइव्ह बंद केला, ईमेलवर नजर ठेवली, तरी पडद्याच्या छायाचित्राची नोंद कोणत्याही लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या आपोआप होणाऱ्या नोंदवहीत, उमटत नाही. नोंद उरते ती ग्राहकाचे खाते उघडल्याची. त्यामुळे एखाद्याने उघडलेली खाती आणि त्याला मिळालेली तिकिटे (त्याच्याकडे सोपवलेल्या ग्राहकांच्या तक्रारी) यांचा मेळ लावून पाहणे, एवढाच धागा तुमच्या हाती असतो. तो मेळ लावायला शिका. महागड्या सॉफ्टवेअरची नावे पाठ करण्यापेक्षा मला हे कौशल्य कितीतरी मोठे वाटते.

दुसरे काम प्रवेशाधिकारांच्या तिमाही तपासणीचे. प्रत्येक विभागप्रमुखाकडे कोणाला काय उघडता येते याचा एक एक्सेल तक्ता जातो आणि बहुतेक जण तो न वाचताच ‘सर्व ठीक’ असे लिहून परत पाठवतात. लेखा विभागातून विक्री विभागात गेलेल्या माणसाला पगारपत्रकांचे जुने फोल्डर अजूनही उघडता येते, असे अशाच तक्त्यांत सापडते. यात त्याचा काहीही दोष नसतो. बदलीची खबर आयटीपर्यंत पोहोचलेलीच नसते. अशा वेळी विभागप्रमुखाकडे जाऊन एकेक ओळ त्याच्यासमोर वाचावी.

राजीनाम्याचा काळ विशेष जपावा लागतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने अभ्यासलेल्या बौद्धिक संपदेच्या चोऱ्यांपैकी बऱ्याच चोऱ्या नोकरी सोडण्याच्या आसपासच्या महिन्याभरात झालेल्या होत्या. तरीही राजीनामा देणारा प्रत्येक जण संशयित नसतो, हे मी नवख्यांना कळकळीने सांगतो. लॉगमध्ये काही खटकले, तर त्या व्यक्तीला स्वतः जाब विचारू नये आणि शेजारच्या सहकाऱ्याशीही बोलू नये; वेळ, यंत्र आणि फाइल यांची नोंद करून ती वरिष्ठांना आणि एचआरला द्यावी. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्या यंत्रणेला कळवाव्या लागतात आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात, त्यामुळे ही नोंद त्याच दिवशी, स्वच्छ भाषेत आणि तर्क न मिसळता लिहिलेली असावी.