जायरो सर्व्हेत बोअरची दिशा चुकते कुठे? या चुका टाळा

जायरो सर्व्हे म्हणजे बोअरमध्ये (जमिनीत खोदलेल्या खोल छिद्रात) जायरो, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, बसवलेला प्रोब (नळीसारखं मोजयंत्र) सोडून बोअर कुठे आणि किती कलत गेला ते मोजणं. प्रोब खाली सोडताना आणि वर काढताना आलेले आकडे जुळले की सर्व्हे बरोबर, हा समज भल्याभल्यांचा असतो. पण जुळणारे आकडे एवढंच सांगतात की प्रोबने दोन्ही वेळा तेच मोजलं. सुरुवातीची दिशाच चुकली असेल तर दोन्ही रन (खाली आणि वर अशा फेऱ्या) सारखेच चुकतात आणि झकास जुळतात. आडव्या अंतरात ५०० मीटर गेलेल्या बोअरच्या दिशेत १ अंश चूक असली, तर तळ सुमारे ८.७ मीटर बाजूला दाखवला जातो.

सुरुवातीची दिशा

आधी हातातला जायरो कोणत्या जातीचा आहे ते बघा. रेफरन्स जायरोला उत्तर दिशा कळत नाही. तोंडाशी तुम्ही जी दिशा द्याल तिथून तो फक्त बदल मोजत जातो. म्हणून रॉडवर किंवा रिगच्या (खोदाई यंत्राच्या) मास्टवर (उंच खांबावर) एक मीटर अंतराने दोन खुणा करून दिशा काढू नका. त्यातली एक खूण १ सेंटिमीटर सरकली तरी ०.५७ अंशांची चूक होते. खुणांमध्ये २० मीटर अंतर असेल तर तीच चूक ०.०३ अंशांवर येते. काही जण रिगशेजारी उभं राहून होकायंत्राने दिशा घेतात. लोखंडाचा त्रास नको म्हणून जायरो आणायचा आणि त्याची सुरुवात मात्र लोखंडाच्या ढिगाजवळच्या होकायंत्राने करायची, याला काय म्हणावं!

नॉर्थ-सीकिंग जायरो उत्तर स्वतः शोधतो. पृथ्वी तासाला १५.०४ अंश फिरते आणि त्या फिरण्याचा आडवा भाग तो पकडतो. विषुववृत्तावर हा भाग पूर्ण मिळतो, ६० अक्षांशावर निम्माच. म्हणजे तिथे सेन्सरची तीच खरखर (आकड्यांची बारीक थरथर) दिशेत दुप्पट चूक घालते. अशा ठिकाणी एकेका स्टेशनवर (मोजणीसाठी थांबायच्या खोलीवर) जास्त वेळ थांबावं लागतं. इतका बारीक वेग मोजत असताना शेजारी पंप धडधडत असेल किंवा कोणी रॉडला हात लावत असेल, तर त्या रीडिंगला अर्थ नाही. इंजिन बंद करता येत असेल तर करा, घाई नको.

तीन उत्तर दिशांचा घोळ: खरी, चुंबकीय, ग्रिडची

नॉर्थ-सीकिंग जायरो खरी उत्तर दिशा देतो, त्यामुळे त्यात चुंबकीय डिक्लिनेशन (खऱ्या आणि होकायंत्राच्या उत्तरेतला कोन) मिळवायचं नसतं. तरीही जुनं होकायंत्राचं टेम्प्लेट उघडलेलं असतं आणि सॉफ्टवेअर ती दुरुस्ती गुपचूप लावून टाकतं. उलट नकाशाच्या ग्रिडवर जाताना लागणारा कन्व्हर्जन्स (खऱ्या आणि ग्रिडच्या उत्तरेतला कोन) मात्र विसरला जातो. यूटीएम या नकाशा-ग्रिडच्या झोनच्या (पट्ट्याच्या) मध्य रेखावृत्तापासून ३ अंश दूर, २० अक्षांशावर तो साधारण १ अंश भरतो. जुन्या सर्व्हेशी तुलना करताना सगळ्या स्टेशनांवर फरक सारखाच येत असेल, तर प्रोब खोलण्याआधी ही सेटिंग तपासा.

सेंट्रलायझर

सेंट्रलायझर म्हणजे प्रोबला बोअरच्या मध्यावर धरणाऱ्या स्प्रिंगा. कलाची चूक बहुतेक वेळा इथे सापडते. २ मीटर लांबीच्या प्रोबचं एक टोक ५ मिलिमीटर उचललेलं राहिलं, तर कलात ०.१४ अंश फरक पडतो. १००० मीटरभर तसंच राहिलं तर तळ अडीच मीटर सरकतो. प्रोब खालच्या बाजूला सरळ सपाट पडला असेल तर फारसं बिघडत नाही, कारण तो बोअरला समांतरच असतो. एका बाजूचा सेंट्रलायझर झिजलेला आणि दुसरा नवा, ही जोडी खरी घातक. स्प्रिंगमध्ये अडकलेला चिखलही तेच करतो. पडताळणीसाठी प्रोब स्टँडवर पक्का धरा, स्वतःभोवती ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर फिरवा आणि कल वाचा. चारही वेळा तोच आकडा यायला हवा.

आलेख बघून दोष ओळखा

खाली आणि वर या दोन रनमधला दिशेचा फरक हळूहळू वाढत गेला असेल तर ड्रिफ्ट आहे, म्हणजे जायरोचे आकडे वेळेबरोबर आपोआप सरकत आहेत. बहुधा प्रोब बोअरच्या तापमानाला येण्याआधीच सुरू केलेला असतो. एकाच खोलीवर अचानक पायरी पडून पुढचं सगळं तितकंच सरकलं, तर रेफरन्स जायरोला हिसका बसला आहे. सेन्सरच्या मर्यादेपलीकडचं फिरणं मोजलंच गेलं नाही आणि ते परत मिळणारही नाही. रन पुन्हा घ्या, या वेळी हळू. आलेखाचा आकार तोच, पण वरखाली सरकलेला दिसला तर खोली चुकली आहे. खोली मोजणाऱ्या काउंटरचं चाक घसरलं असेल, शून्य प्रोबच्या टोकाशी धरलं आणि सेन्सर वर राहिला असेल, किंवा मेमरी प्रोबचं (आकडे स्वतःतच साठवणाऱ्या प्रोबचं) घड्याळ वरच्या यंत्राशी जुळवलं नसेल.

जवळजवळ उभ्या बोअरमध्ये दिशा ४० अंशांनी उड्या मारते म्हणून घाबरू नका. उभ्यापासून अर्धा अंश कललेला बोअर १० मीटरमागे आडवा ८.७ सेंटिमीटरच सरकतो. त्यात ४० अंशांची उडी म्हणजे जेमतेम ६ सेंटिमीटरचा फरक. असे बिंदू पुसून आलेख गुळगुळीत करण्याची सवय वाईट. कच्चा डेटा जसाच्या तसा ठेवा आणि शंका असेल तर प्रोब वेगळ्या रोलवर (स्वतःभोवती वेगळ्या कोनात फिरवून) बसवून, शक्य झाल्यास दुसऱ्या जातीच्या जायरोने, तोच बोअर पुन्हा मोजा.