आठ रेआलची स्पॅनिश नाणी: घेताना या चुका टाळा

वजन बरोबर भरलं की नाणं अस्सल, असं नवशिके धरून चालतात. बनावट नाणी पाडणाऱ्यांकडेही तराजू असतो. आठ रेआलचं (रेआल हे स्पेनचं जुनं चलन) चांदीचं नाणं साधारण २७ ग्रॅमचं, आणि तेवढ्याच वजनाच्या नकला आज सर्रास मिळतात.

मी आधी नाणं उभं धरून काठ बघतो. १७७२ पासूनच्या, राजाचा चेहरा असलेल्या नाण्यांच्या काठावर वर्तुळ आणि चौकोन आळीपाळीने येतात. नाण्याची कोरी चकती दोन पट्ट्यांमध्ये फिरवून ही नक्षी उठवत, एकेक पट्टी अर्धा काठ करायची. म्हणून समोरासमोरच्या दोन जागी नक्षी एकमेकींवर चढलेली दिसते. भिंगातून पाहूनही हे सांधे सापडले नाहीत, तर मी नाणं परत ठेवतो. एका प्रदर्शनात एका मुलाने असंच एक घेतलं होतं. वजन चोख, चेहरा सुबक, काठाला मात्र नुसत्या उभ्या रेघा! ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ एवढं विक्रेत्याने म्हटलं आणि याने काठाकडे पाहिलंच नाही. पैसे गेले ते गेलेच. घाई करायला लावणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, हे माझं ठाम मत.

अस्सल नाण्याला खोटं ठरवणारेही भेटतात, आणि त्यांचा मला जास्त राग येतो. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस डिसेंबर १७८८ मध्ये वारला. नव्या राजाचा चेहरा स्पेनहून येईपर्यंत, तेव्हा स्पेनच्याच ताब्यात असलेल्या मेक्सिकोच्या टांकसाळीने १७८९ आणि १७९० मध्ये नाव चौथ्या कार्लोसचं घातलं, चेहरा जुन्याच राजाचा ठेवला. ‘नाव एकाचं, तोंड दुसऱ्याचं’ म्हणत एका गृहस्थांनी असं नाणं चांदीच्या भावात सराफाला दिलं. ते वितळलंसुद्धा.

टांकसाळीची खूण म्हणून एम (M) दिसला की लगेच माद्रिद म्हणू नका. एमवर छोटा ओ असेल तर मेक्सिको, मुकुट असेल तर माद्रिद.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीही लावून घासू नका. घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो.

हातोड्याने पाडलेली जुनी नाणी वेडीवाकडीच असतात, त्यांत गोलाई शोधू नका.

चिनी व्यापाऱ्यांनी चांदी पारखून मारलेले ठसे आहेत म्हणून नाणं बाद करू नका, पण ठसे आहेत म्हणून अस्सलही मानू नका. हल्ली नकलांवरही तसे ठसे मारतात, तेव्हा काठ तपासायचाच.