जेंकिन्स कुठले? इंग्रजी आडनावाचा माग असा काढा

कामठीच्या किंवा नागपूरच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात इंग्रजी आडनाव दिसलं, की दगडावरचं स्पेलिंग आधी अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. देवनागरीत 'रीड' एकच. रोमनमध्ये डबल ई, ई-ए आणि ई-आय अशी तीन. ई-आयवालं मुख्यतः स्कॉटलंडचं. इथे घसरलात की पुढचा शोध भलत्याच मुलखात.

मग नाव फोडा. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईवेळचा रेसिडेंट, म्हणजे नागपूर दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्स घ्या. 'जेन' म्हणजे जॉन, 'किन' लाडाचा प्रत्यय, शेवटचा 'स' म्हणजे 'चा'. शेवटी टन, हॅम, ली असेल तर बहुधा गाव. आपल्या 'कर'सारखंच हे नाव गाव सोडलेल्याला चिकटतं, म्हणून त्या गावाच्या आसपासचा भागही धुंडाळा.

आडनाव कुठेकुठे पसरलंय ते बघायला १८८१ची ब्रिटिश जनगणना बरी; तिची सूची फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे. नुसती डोकी मोजू नका, लंडन नेहमीच जिंकेल. दर लाखी काढा. समजा, ३ लाख वस्तीच्या काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) ६०० जण, म्हणजे लाखी २००. ३० लाखांच्या काउंटीत ९००, म्हणजे लाखी फक्त ३०. मूळ पहिलीकडे शोधायचं. त्यातही साठीपुढच्यांचा जन्मस्थळाचा रकाना बघा: ही माणसं रेल्वेआधी जन्मलेली, म्हणजे कारखान्यांमागे झालेली पांगापांग बरीचशी गाळली जाते.

जेंकिन्स असे शोधलेत तर दक्षिण वेल्समध्ये दाटी दिसेल; कॉर्नवॉलमध्ये 'स' नसलेले जेंकिनही भेटतील. आपला रेसिडेंट वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशरचा, ते जुळतं. पण वेल्समध्ये कायम आडनावं फार उशिरा रुजली. बापाचं नाव तेच पुढे आडनाव झालं. त्यामुळे सगळे मेश्राम जसे एका घरचे नव्हेत, तसेच जेंकिन्सही.

व्यक्तीचा माग हवा असेल तर इंग्लंड-वेल्सची सरकारी जन्म-मृत्यू नोंद जुलै १८३७पासून. त्याआधी चर्चच्या वह्या, १५३८पासून, मधली पानं गहाळ धरूनच चाला. कामठीच्या छावणीत मद्रासचं सैन्य असायचं. तिथला बाप्तिस्मा किंवा दफन बंगालच्या नोंदींत सापडलं नाही, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या मद्रासच्या नोंदी चाळा. आणि इथल्या घराचं आडनाव इंग्रजी असलं म्हणून पूर्वज इंग्रज धरू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेलंही असतं. आईबापांचा रकाना वाचल्याशिवाय वंशवृक्षात रेघ ओढायची नाही.