कोरल वाढत नाहीये? आधी अल्कलिनिटी मोजा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल (प्रवाळ) वाढेना की लोक लाइट बदलायला धावतात, पण त्याआधी अल्कलिनिटी बघा, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात. ८ ते ९ डीकेएचमध्ये (हे अल्कलिनिटीचं एकक) कुठेही असू दे, रोज तिथेच राहिली पाहिजे. दोन दिवस अल्कलिनिटी वाढवणारा डोस बंद ठेवून रोज एकाच वेळी टेस्ट करा, किती उतरते ते कळलं की रोज तेवढंच घाला, आणि कमी असलीच तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका नाहीतर फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कोरलची, म्हणजे अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात. वाढीचं टोकही फिकटच दिसतं म्हणा, पण त्यावर पातळ कातडी असते, जळलेल्यावर नुसता पांढरा सांगाडा. मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास ठेवा, ते घसरलं की कॅल्शियम टिकत नाही. आणि नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेऊ नका, कोरल उपाशी राहतात हो!